आंगवणीचा कोंबडा

माघ सरत आला की इतरांना आंब्याचा मोहोर दिसतो, मला कोंबड्यांच्या वाकड्या माना दिसतात. दिवसा ऊन चटचटतं, पहाटे पांघरूण सोडवत नाही, आणि काजूच्या फुलांचा तो गोडसर, जरा उग्र वास अंगणात येऊन ठाण मांडतो. सून म्हणते, "किती छान वास सुटलाय ना, आई!" मी हूं म्हणते. तिला काय सांगणार? तिचं नाक अजून नवं आहे.

यंदा तर गंमतच झाली. आमच्या वाडीतल्या एका तरुणाने वर सड्यावर, कातळाच्या माळावर, पोल्ट्री टाकली आहे. मी काठी टेकत टेकत बघायला गेले. दाराशी चुन्याचा जाड पट्टा मारलेला. तो आतून धावत आला आणि दोन्ही हात आडवे करून उभा राहिला. "आजी, आत नको हां. कोणाकच सोडणंय नाय. माझ्या आवशीक पण नाय." बरोबर आलेल्या सुनेचा चेहरा पडला. तिला वाटलं, म्हातारीचा अपमान झाला. मला त्या पोराची अलाबला घ्यावीशी वाटली. किती सहज म्हणाला! आवशीला, सख्ख्या आईलासुद्धा नाही! हसतच मी घरी आले आणि स्वयंपाकघरात गेल्यावर मात्र मला भिंतीला टेकून बसावं लागलं. तेवढं एक वाक्य मला चोविसाव्या वर्षी बोलता आलं असतं तर.

तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच. सिंधुदुर्ग म्हटलं की मालवणच्या समुद्रातला किल्ला डोळ्यांपुढे यायचा, बाकी काही नाही. आमची वाडी विजयदुर्गाच्या खाडीवर. घरात मी आणि सासरे, दोघंच. हे मुंबईला गिरणीत, साचेखात्यात. गणपतीला घरी यायचे तेव्हा पाणंदीतून यांच्याआधी यांचा खोकला घरी पोचायचा. कापसाची पूड छातीत बसली होती. देवगडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गिरणी सोडा. सोडा म्हणणं सोपं आहे. आमच्या शेतातला भात दिवाळीला खायला काढला की होळीला कणगी तळ दाखवायची.

त्या सुमारास सरकारने कोंबड्या पाळायच्या शिकवणीची टूम काढली होती. तालुक्याला चार दिवसांचा वर्ग होता. यांनी माझं नाव घातलं. बत्तीस पुरुष आणि मी. शिकवणारे साहेब घाटावरचे, शुद्ध पुस्तकी बोलायचे. एक वाक्य त्यांनी आमच्याकडून शाळेतल्यासारखं घोकून घेतलं होतं : "बाहेरचा पक्षी आत घ्यायचा नाही. पाहुणा म्हणूनही नाही." मागच्या बाकावर मी फिसकन हसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "हसू नका, बाई. तुमच्या भागात मी तीन वर्षं आहे."

खरंच होतं त्यांचं. आमच्याकडे एखाद्या गावात मर आली, म्हणजे कोंबड्यांचा रोग आला, की लोक उरलेल्या कोंबड्या टोपलीत घालून शेजारच्या गावी नातेवाइकांकडे नेऊन ठेवत. लेकीकडे, बहिणीकडे, मामाकडे. माणसं नाही का हवापालटाला जात, तसंच. मग पंधरा दिवसांनी नातेवाइकांकडेही मर यायची आणि सगळे म्हणायचे, यंदा हवाच वाईट. नात्यातल्या माणसाच्या कोंबडीला दारातून परत लावणं म्हणजे त्या माणसालाच परत लावणं. असं कुणी करत नसे.

कार्तिकात हे बोटीने आले ते दोन करंडे घेऊन. करंड्यांत तीस पांढऱ्याशुभ्र विलायती तलंगा, अजून अंड्यांवर न आलेल्या. बोट विजयदुर्गाला बाहेर पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात उतरायची. मी धक्क्यावर उभी होते. पडाववाल्याने करंडा खांद्यावर घेता घेता आत डोकावून ओरडून विचारलं, "काय रे ह्या हाडलंस? बगळे?"

"बगळे न्हय रे, कोंबड्यो."

"अशो पांढऱ्यो? तापान उठल्यो काय?"

सगळा धक्का हसला. हेही हसले, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली तेव्हा मीच करंडा उचलून घेतला. आतून लाल डोळ्यांच्या जोड्या माझ्याकडे बघत होत्या, बोट लागून मलूल झालेल्या.

आठवडाभर राबून यांनी खोपीला तारेची जाळी मारली, आत चुना लावला, बसायला बांबू बांधले. परत निघताना मला म्हणाले, "शिमग्याक येतलंय तवसर ह्यां नीट चाललां तर गिरणी सोडतलंय. मगे घराकच." आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती, आणि आम्ही सलग एक महिनाही एका छपराखाली काढला नव्हता. त्या तीस कोंबड्यांवर माझा नवरा घरी यायचा होता. मी त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होते ते लोकांना कसं कळावं? लोकांनी मला वेडी ठरवली. कोंबड्यांना त्यांनी नाव ठेवलं होतं, मडमा. "मडमांका न्हाव घातलंस काय गो?" विहिरीवर रोजचा प्रश्न. मी म्हणायची, "घातलंय, आता पावडर लावचा रवला."

माघात अंडी सुरू झाली. पहिलं अंडं सासऱ्यांनी बघितलं. मामंजी म्हणजे अबोल माणूस, सुरुवातीला या सगळ्यावर नाक मुरडून बसलेले. पण ते अंडं तळहातावर घेऊन त्यांनी वाडीतली चार घरं हिंडून दाखवलं. पुढे मात्र वेगळीच अडचण आली. वाडीत कुणी अंडी घेईना. कारण काय, तर आमच्या जाळीत कोंबडा नव्हता. साहेबांनी सांगितलंच होतं, नुसत्या अंड्यांना कोंबडा लागत नाही, उगाच दाणा खातो. हे मी विहिरीवर समजावून सांगायला गेले तर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेजारची एक म्हातारी गंभीरपणे म्हणाली, "कोंब्याबिगर घातलेला अंडा वांझोटा गो. पोरांबाळांच्या पोटात घालूचा न्हय ता." शेवटी बंदरावरची बोटीची माणसं आणि शाळेतले परगावचे मास्तर घेऊ लागले. बोटीवाल्यांना आवडली, पुढच्या फेरीला टोपलीभर मागितली. त्या दिवशी मी यांना पत्र घातलं की तीसच्या तीस अंड्यांवर आल्या आहेत, आता तुम्ही गिरणीच्या साहेबांशी बोलायला हरकत नाही.

मामंजींना मात्र ते वांझोटं म्हणणं लागलं होतं. ते बोलले नाहीत. बोलले असते तर पुढचं टळलं असतं, असं मी इतके वेळा मनाशी म्हटलं आहे की आता त्या वाक्याला काही चव उरलेली नाही.

कुणकेश्वराची जत्रा होऊन दोन दिवस झाले होते. दुपारच्या तरीने खाडी ओलांडून अक्का आली. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. यांची आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे आणि अक्का चौदाची. तिने यांना कडेवर घेऊन चूल फुंकली. लग्न होऊन खाडीपलीकडे गेली तेव्हाही दोन वर्षं यांना बरोबर घेऊन राहिली, सासरच्यांची बोलणी खाऊन. यांच्या लेखी आई म्हणजे अक्काच. माझ्याशीही ती कधी वाकडी वागली नाही. अशा माणसाला नाही म्हणायला जी जीभ लागते ती आईने मला दिली नव्हती.

अक्काच्या पदराखाली कोंबडा होता. तांबडाकाळा, मोठ्या तुऱ्याचा, पायांना हळदीचा पिवळा रंग अजून शिल्लक.

"गावात मर इली गो, सुमन," ती ओटीवर टेकत म्हणाली. "तीन घरां साफ झाली. ह्येका घेवन मी खंय जाव? तुझ्याकडे जाळी आसा, औषध आसा. शालू सुटासर ठेव."

शालू तिची एकुलती एक लेक. आधीची दोन बाळंतपणं फुकट गेलेली, आता तिसऱ्या खेपेला आईकडे आली होती, नववा सरत आलेला. अक्काने गावच्या राखणदार देवाला आंगवण केली होती, म्हणजे नवस : पोर सुखरूप सुटू दे, हा कोंबडा तुला देईन. त्याच्या पायांना हळद लावून, त्याला समोर धरून बोललेली आंगवण. तोच कोंबडा द्यायचा, दुसरा चालत नाही. तो मधेच मेला तर त्याचा अर्थ काय हे कुणी तोंडाने बोलत नाही, पण ठाऊक सगळ्यांनाच असतो.

मी म्हटलं, "अक्का, सायबान सांगितल्यानी आसा, भायरची कोंबडी..."

"भायरचो खंयचो? माझ्या घरचो तो," अक्का म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने माझा हात धरला. "दोन गेली गो तिची. ह्या तिसरा."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी शालूच्या पोटाचा विचार केला आणि यांच्या छातीचा विचार केला, आणि दोन्हींपैकी एक निवडायची ताकद माझ्यात नव्हती, म्हणून मी तिसरंच काहीतरी केलं. कोंबडा गोठ्याच्या पलीकडे, अंगणाच्या पार टोकाला डालग्याखाली ठेवला. पाण्याला वेगळी करवंटी. त्याला हात लावला की हात फिनेलने धुवायचे. अक्काला हे सगळं जरा अतीच वाटलं असणार. मला वाटलं, जमलं. इतकं हुशार मला त्याआधी आणि त्यानंतर कधीच वाटलेलं नाही.

संध्याकाळी अक्काला तरीपर्यंत पोचवायला गेले. परत यायला काळोख झाला. दिवा लावला, मामंजींना वाढलं, आडवी झाले. पहाटे कोंबडा आरवला आणि मी अंथरुणात उठून बसले. आवाज गोठ्याकडून यायला हवा होता. तो जाळीतून आला.

जाळीत जाऊन बघते तर तीस मडमांच्या मधोमध तो तांबडा राजा ऐटीत उभा, आणि त्या त्याच्याभोवती गोळा झालेल्या. बाहेर मामंजी दात घासत उभे होते. त्या माणसाला मी तितकं खूश कधी बघितलं नव्हतं.

"काल तिन्हीसांजेक कोल्हो भुकलो, बाय," ते म्हणाले. "देवाचो कोंबो डालग्याखाली रवता काय? म्हणान आत घातलंय. आणि लोक नावां ठेवतत ना, कोंब्याबिगरची म्हणान? आता घालतीत ती देवाच्या कोंब्याची अंडी. कोण वांझोटी म्हणता बघूया!"

त्यांनी लेकीच्या आंगवणीचा विचार केला होता, माझ्या अंड्यांचा विचार केला होता, रात्रीच्या कोल्ह्याचा विचार केला होता. घरातल्या एवढ्या चांगल्या माणसावर ओरडायचं कसं, हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "बरा केलात, पण आता दिवसाचो भायर ठेवया." आणि कोंबडा काढून परत डालग्याखाली नेला. चुना पसरला, राख पसरली, पाणी बदललं. मग वाट बघत बसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. वाट बघणं हे काम आहे असं कुणी मानत नाही, पण ते पाच दिवस मी जेवढी दमले तेवढी लावणीतसुद्धा दमले नव्हते. कोंबडीने मान जरा खाजवली तरी मी जाळीशी धावत जायची. काजूला त्या आठवड्यात भरून मोहोर आला होता.

सहाव्या दिवशी एक कोंबडी कोपऱ्यात पिसं फुलवून, डोळे मिटून उभी होती. सातव्या दिवशी नऊ. चोची उघड्या, गळ्यात घरघर, खाली हिरवं पाणी. मग माना उलट्या फिरायला लागल्या, पाठीवर टेकून आभाळाकडे बघत असल्यासारख्या. तालुक्याला माणूस पाठवला. निरोप आला की या रोगाची सुई बर्फात घालून रत्नागिरीहून आणावी लागते, वाटेत बर्फ टिकत नाही, आणि आधीच लागण झालेल्या कोंबडीला तिचा उपयोगही नाही. लसूण झाली, हळद झाली, शेजारणीने सांगितलेला कांद्याचा रस झाला. हसणाऱ्या त्याच बायका आता जाळीशी येऊन पदर तोंडाला लावून उभ्या राहायच्या. मरता मरतासुद्धा कोंबड्या अंडी घालत होत्या. कवच नसलेली, नुसत्या कातडीची अंडी. हातात घेतलं की कोमट लागायचं. अशी सात-आठ अंडी मी ओच्यात घेऊन बसले होते एका दुपारी, ती कुठे ठेवायची हे न कळून.

आणि डालग्याखालचा तो कोंबडा साधा शिंकलासुद्धा नाही. रोज पहाटे आरवायचा.

चार दिवसांत जाळी रिकामी झाली. परसात मामंजींनी स्वतः खड्डा खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही. माती ओढून झाल्यावर ते कुदळीवर हात टेकून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, माज्यामुळा झाला ह्या?"

मी म्हटलं, "नाय हो, मामंजी. यंदा हवाच वायट आसा."

त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही, मला कळलं नाही. त्याच दुपारी तरीवाल्याने निरोप आणला की शालू सुटली, मुलगी झाली, दोघीही बऱ्या आहेत. मामंजींनी गूळ वाटला. मीही वाटला. कोंबडा त्याच तरीने अक्काकडे परत गेला. मला खरंच आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. शालूची ती मुलगी आता स्वतः आजी आहे. भेटली की वाकून नमस्कार करते. तिच्याकडे बघून राग येत नाही, कधीच आला नाही. राग यायला कुणीतरी वाईट माणूस लागतो. माझ्या गोष्टीत एकही नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

पुढे हे सोळा वर्षं आणखी गिरणीत राहिले. परत आले ते अर्धे होऊन. मग तीन वर्षं ओटीवर खाटेवर असायचे, दुपारी परसाकडे तोंड करून. एकदा म्हणाले, "तेव्हा त्यो जगल्यो असत्यो तर..." आणि थांबले. मी भांडी घासत होते. यांची छाती बघून मी कितीदा ठरवलं की आज सांगायचं, पण तोवर मामंजी जाऊन वर्षं झाली होती आणि अक्काला डोळ्यांनी दिसत नव्हतं. म्हाताऱ्या आंधळ्या बाईच्या डोक्यावर आता हे ठेवायचं? नाही सांगितलं. आता तीही नाही आणि हेही नाहीत. आज इथे पहिल्यांदा सांगते आहे, तर ऐकायला ज्यांनी हवं होतं त्यांतलं कुणीच उरलेलं नाही.

त्या शिमग्याला हे आले तेव्हा माझं पत्र खिशात घेऊनच आले होते, अंड्यांचं. दुसरं पत्र माझ्याच्याने लिहवलं नव्हतं. रिकाम्या जाळीसमोर किती वेळ उभे राहिले. "मर इली," मी म्हटलं. आठवडाभर गावात पालखीमागून हिंडले, छपराची कौलं परतली, माझ्याशी नीट बोलले. तेवढी एक गोष्ट मात्र विचारली नाही, आणि ते विचारत नाहीत म्हणून मी रोज मरत होते.

बारशानंतर अक्काने राखणदाराला कोंबडा दिला. त्या दुपारी ती त्याच्या रश्शाचा डबा घेऊन तरीने आली. कोंबडा या घरी तगला, तेव्हा पहिला वाटा या घरचा, चुलीपाशी डबा देताना मला एकटीला म्हणाली. हे, मामंजी आणि अक्का पानावर बसले. मी वाढत होते. दोन दिवसांनी बोट होती आणि तिकिटाचं त्याच दिवशी ठरवायचं होतं : मर चुकीने आली असेल तर चूक सुधारून पुन्हा कोंबड्या, नुसती हवाच वाईट असेल तर गिरणी. यांनी पहिला घास घेतला, आणि मग माझ्याकडे वर बघून विचारलं, "खरा सांग गो. भायरची कोंबडी आत इल्ली काय?"

मामंजींचा हात पानातच थांबला. अक्का उत्सुकतेने माझ्याकडे बघत होती. ती खरंच विचारात पडली होती, बिचारी. आठवायला मदत करायला निघाली होती.

"नाय," मी म्हटलं.

"कोणाचीच नाय?"

"नाय हो. कोणाचीच नाय."

अक्काने सुस्कारा सोडला. "काय्येकांच्या हाताक कोंबडी लागणा नाय, रे," ती मायेने म्हणाली. "तिचो काय दोष? तू आपलो मुंबयच बरो." मामंजींनी पाण्याचं भांडं तोंडाला लावलं ते बराच वेळ खाली ठेवलं नाही.

हे मान खाली घालून जेवले. रस्सा परत मागून घेतला, चांगला झाला आहे म्हणाले. हात धुऊन स्वयंपाकघरात माझ्यामागून आले आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. मी उघडला. गिरणीच्या साहेबांना लिहिलेला राजीनामा होता, खाली यांची सही. मुंबईहून निघतानाच करून आणलेली.

"चुलीत घाल ता," म्हणाले आणि बाहेर गेले.

मी घातला. कागद जाड होता, पटकन पेटेना. फुंकणीने दोनदा फुंकावं लागलं. मग बाहेरून अक्काने भात मागितला, तो वाढायला मी उठले.